एकविसावा पट

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत असले तरी त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. नोकरी वजनमापे निरीक्षकाची. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि पाच ग्रॅमची तफावत निघाली तरी कुणाची गय केली नाही. मास्तर हे नाव बुद्धिबळाने दिलेलं. ‘दोन घोड्यांचा बचाव’ या जुन्या सुरुवातीवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याची दुसरी आवृत्ती छापखान्यात जायच्या बेतात होती. शेवटची मुद्रितं त्यांच्या पिशवीत होती, सोमवारी सकाळी तपासून परत द्यायची होती. सत्तराव्या वर्षी आपलं पुस्तक दुसऱ्यांदा निघतंय म्हटल्यावर माणसाने जरा ताठ मानेने चालायला हरकत नाही. मास्तर मात्र त्या रविवारी दुपारी वाचनालयाचा जिना चोरासारखे चढत होते.

कारण वर पुतणी होती. सख्खी नव्हे, मावसभावाची मुलगी, या वाचनालयाची ग्रंथपाल. हा मावसभाऊ फार कमी बोलायचा म्हणून घरीदारी सगळे त्याला मौनी म्हणत. लहानपणी दोघे एकाच पटावर खेळ शिकले, आणि खरं सांगायचं तर मौनी मास्तरांपेक्षा काकणभर सरसच खेळायचा. चाळीस वर्षांपूर्वी संघातल्या एका जागेसाठी दोघांचा डाव झाला, तो मौनी हरला आणि त्यानंतर त्याने कधी प्याद्यालाही हात लावला नाही. गेल्या वर्षी तो वारला. बाबांनी खेळ का सोडला, असं पुतणीने दोनदा विचारलं होतं. मास्तरांनी दोन्ही वेळा नोकरी, संसार, सवड कुठे मिळते, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती. खरं कारण जिवंत माणसांपैकी फक्त त्यांना ठाऊक होतं. त्या डावात ते खोटं बोलले होते.

“काका, डाव संपले की निवांत चहा घेऊ,” पुतणी दारातच म्हणाली. “आणि आज मला टाळायचं नाही.”

“बघू.”

“बघू नाही. बाबांचं सांगायचं.”

मास्तर हॉलकडे बघत राहिले. कपाटं भिंतींना सरकवून मधे टेबलं चौकोनात मांडली होती. बाहेरच्या बाजूला खेळणारे बसणार, आतल्या मोकळ्या जागेत मास्तर फिरत राहणार आणि एकटे वीस जणांशी खेळणार. लाकडी जमिनीला नुकतंच पॉलिश केलेलं होतं, त्याचा वास जुन्या पुस्तकांच्या वासात मिसळला होता. उंच खिडक्यांतून ऊन थेट पटांवर पडलं होतं. मास्तरांनी सवयीने पट मोजले.

“हे एकवीस आहेत.”

“यादीत वीसच नावं आहेत. पण आयत्या वेळी कुणी आलं तर परत कशाला पाठवायचं? वाचनालयाचे वीस, आणि हा एक मी घरून आणला.”

घरून म्हणजे कुणाचा, हे मास्तरांनी विचारलं नाही.

अशा खेळाचा नियम साधा असतो. मास्तर समोर येऊन उभे राहिले की मगच आपली खेळी करायची, आधी नाही. पहिल्या फेरीत मास्तरांनी एकेका पटावर राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. एकविसाव्या पटासमोर खुर्ची रिकामी होती. तिथेही त्यांनी हाताला लागलेल्या सवयीने प्यादं ढकललं आणि पुढे गेले.

दुसऱ्या फेरीत ते तिथे पोचले तेव्हा काळ्याचं प्यादं समोर येऊन उभं होतं.

शेजारी, विसाव्या पटावर, दाताचे डॉक्टर बसले होते. माणूस थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध.

“डॉक्टर, दोन-दोन डाव खेळताय वाटतं?”

“मास्तर, मला एकच झेपत नाहीये. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांना काय वाटत असेल ते आज कळतंय.”

मास्तर हसले आणि त्यांनी घोडा बाहेर काढला. तिसऱ्या फेरीत काळ्याचा घोडाही बाहेर आलेला होता, चौथीत दुसरा. दोन घोड्यांचा बचाव. ह्यात नवल काही नव्हतं, मास्तरांच्या मानासाठी म्हणा की खोडी काढायची म्हणून म्हणा, त्या दुपारी अकरा जणांनी तीच सुरुवात घेतली होती.

ही सुरुवात दिसते सोज्वळ, पण तिच्या पोटात एक खाटिकखाना आहे. पांढरा घोडा लवकरच उडी मारून पुढे येतो आणि मागून उंट डोळे वटारतो. दोघांचा रोख एकाच प्याद्यावर, ज्याला राजाखेरीज कुणी वाली नसतो. काळा मधलं प्यादं पुढे करतो, पांढरा ते मारतो. आता काळ्याने काय करायचं? हात शिवशिवतात ते घोड्याने परत मारायला. पुस्तक सांगतं, तसं करू नका, एक प्यादं गेलं तर जाऊ द्या, दुसरा घोडा कडेला नेऊन उंटाला हुसका. अकरा जणांपैकी बहुतेकांनी तेच केलं. निवृत्त नर्सबाईंनी तर ‘घ्या तुमचं औषध’ अशा थाटात घोडा कडेला ठेवला. विमा कंपनीतल्या गृहस्थांनी दहा मिनिटं कपाळ चोळलं आणि शेवटी पुस्तक ऐकलं.

घोड्याने परत मारलं तर पांढरा आपला घोडा बळी देतो. राजाला तो खावाच लागतो, लगेच वजिराचा शह बसतो, आणि पटावर एरवी कधी न दिसणारी गोष्ट घडते. आपला मधला घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला सगळ्या फौजेच्या पुढे, भर चौकात येऊन उभं राहावं लागतं. बहुतेकांचं काळीज तिथे लटपटतं आणि राजा घरी पळतो. पळाला की संपला. उघड्यावर टिच्चून उभा राहिला तर वाचूही शकतो. मास्तरांनी आयुष्यात असा टिच्चून उभा राहणारा एकच खेळाडू पाहिला होता.

सहाव्या फेरीत एकविसाव्या पटावर काळ्या घोड्याने परत मारलं होतं.

मारलेलं पांढरं प्यादं टेबलावर होतं. उभं नव्हतं. आडवं झोपवलेलं होतं, डोकं पटाकडे करून.

मारलेली सोंगटी अशी झोपवून ठेवायची सवय मौनीची होती. दमलीये बिचारी, असं तो म्हणायचा, आणि हे त्याच्या मोजक्या वाक्यांपैकी एक होतं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर स्वतःच्या पटावर इतके वाकले होते की नाक उंटाला टेकत होतं. मास्तरांनी पुतणीकडे पाहिलं. ती दाराशी टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होती, आणि तिला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हतं.

दुसरा कुणी असता तर डाव थांबवून खाली निघून गेला असता. मास्तर निरीक्षक होते. तराजू खरा की खोटा हे त्यावर वजन ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीची तीच खेळी केली. घोडा बळी दिला.

सातव्या फेरीत राजाने तो खाल्ला होता. पांढरा घोडा प्याद्याच्या शेजारी झोपला होता. मास्तरांनी वजिराचा शह दिला. त्या फेरीत इतर पटांवर त्यांनी दोन साध्या चुका केल्या, आणि नर्सबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

आठव्या फेरीत काळा राजा भर चौकात येऊन उभा होता.

मास्तरांनी दुसरा घोडा बाहेर काढला. नेमकी इथेच ती गोष्ट घडली होती. मौनीने आपला दुसरा घोडा उचलायला हात पुढे केला होता. अंगात वडिलांचा कोट, बाह्या लांब. बाही राजाला घासली आणि राजा कलंडला. असा चुकून लागलेला स्पर्श धरत नाहीत, पण बोट लावलं तर ती सोंगटी खेळावीच लागते. पंच दुसरीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, बोट लावलं, मी पाहिलं. मौनी एक शब्दही बोलला नाही. त्याने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि राजा हलवला. राजा हलला तसा घोडा गेला, घोडा गेला तसा डाव. मास्तरांनी तो डाव पुस्तकात छापला होता आणि खाली टीप दिली होती, ‘इथे काळ्याने विनाकारण राजा हलवला.’ ती टीप आताच्या मुद्रितांतही होती.

ते पुढच्या टेबलांकडे वळले. चार पट झाले असतील नसतील, तोच पाठीमागे आवाज आला. टक. लाकडावर लाकूड.

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. सोळा पट बाकी होते. त्यांनी एकेक खेळी केली. नंतर त्यांना त्यातली एकही आठवेना.

एकविसाव्या पटावर काळी खेळी झालेली नव्हती.

राजा पडलेला होता. चौकातच, कुशीवर.

“राजा पडला वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “वारा असेल.”

पंखे बंद होते.

मास्तर उभे राहिले. मिनिटभर, दोन मिनिटं. बोटं थांबली, कुजबूज थांबली. वीस माणसं त्यांच्याकडे बघू लागली. पुतणी उठून जवळ आली.

“काका? बरं वाटत नाहीये का?”

त्यांना वाटलं, हो म्हणावं. बरं वाटत नाही, घरी जातो, म्हणावं. जिना समोरच होता.

मग रिकाम्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले, “बोट लागलं नव्हतं.”

“काय?”

“तुझ्या बाबांचं. बोट लागलं नव्हतं राजाला, कोटाची बाही लागली होती. मी पाहिलं होतं, आणि पंचांना खोटं सांगितलं. त्याची जागा मी घेतली. म्हणून त्याने खेळ सोडला. नोकरी नाही, संसार नाही. मी.”



मास्तरांनी राजा उचलला. लाकूड कुणीतरी आताच मुठीतून सोडल्यासारखं कोमट लागलं. त्यांनी तो जिथे होता तिथेच, भर चौकात, नीट उभा केला.

मग ते पुढच्या पटाकडे गेले.

ती फेरी संपवून परत आले तेव्हा काळा घोडा पुढे झेपावला होता. मागे राहून राखण करणारी सपक खेळी नव्हे, तर सरळ अंगावर येणारी. चाळीस वर्षं मास्तर विचार करत होते, तो हात कुठे चालला होता म्हणून. आता कळलं, आणि त्यांना हसूच फुटलं. मौनीच तो. बोलणार नाही, पण घरात घुसून मारणार.

पुढचा तासभर मास्तर जिवाच्या आकांताने खेळले. एक खेळी सोडली नाही, एक संधी दवडली नाही. काळा राजा तोफांच्या तोंडी एकेक पाऊल चालत पलीकडे सुखरूप पोचला, आणि एकोणतिसाव्या खेळीला मास्तरांपाशी खेळण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी आपला राजा आडवा केला, डोकं पटाकडे करून. छातीवरून कुणीतरी जातं उचलून नेल्यासारखं वाटलं त्यांना. इतका मोकळा श्वास त्यांनी उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. बाकीच्या वीस डावांत ते चौदा जिंकले, तीन बरोबरीत सुटले आणि तीन हरले. त्यातला एक नर्सबाईंशी.

लोक गेले. डॉक्टरांनी जाताना मास्तरांचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि काहीच थट्टा केली नाही. पुतणीने चहा आणला. तिचे डोळे लाल होते.

“चिडलीस?”

“जिन्याजवळ जाऊन भरपूर चिडले,” ती म्हणाली. “मग रडले. आता बरं वाटतंय. बाबा एखादी चूक करून पळून गेले असतील, असं वाटायचं मला लहानपणापासून. ते पळाले नव्हते एवढं कळलं, पुरे आहे.”

मास्तरांनी पिशवीतून मुद्रितं काढली, ती टीप शोधली, खोडली आणि समासात लिहिलं, ‘काळ्याने राजा हलवला नाही. पांढऱ्याने खोटं बोलून हलवायला लावला.’ त्याखाली स्वतःचं नाव घातलं. पुतणीने ते दोनदा वाचलं आणि बशी त्यांच्याकडे सरकवली. कित्येक वर्षांनी मास्तरांना चहाला चव लागली.

ती खुर्च्या आत सारायला लागली. एकेक खुर्ची टेबलाखाली ढकलत एकविसाव्यापाशी आली आणि थांबली. मास्तरांनी मान वर केली. रिकाम्या खुर्चीच्या रेग्झिनच्या गादीला खोल खड्डा पडलेला होता, दुपारभर कुणी बसून असावं तसा. त्यांच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरत वर येऊ लागला, आणि खुर्चीचे मागचे दोन पाय जमिनीवर किंचित कुरकुरले.

पुतणीने हात पुढे केला, कोपराला आधार देतात तसा.

“सावकाश,” ती म्हणाली.

ती मास्तरांकडे बघत नव्हती.