चाळीस जणांनी ऐकलेला फोन

"उर्वशी, जसी असशीन तसी ये. जंगूले गाववाले जीवानं मारून राह्यले."

फोन बेलटोल्याच्या म्हाताऱ्या डोमाचा होता. एवढंच बोलून तो कटला. उर्वशी कुमरेनं हातातला चिमटा टेबलावर टाकला. मुलचेऱ्याच्या बाजारात तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं शटर अर्धंच ओढून तिनं स्कूटी काढली. सोळा किलोमीटरचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, आणि डोक्यात एकच गोष्ट. जंगू तिचा धाकटा भाऊ, आणि तिला दुसरं कोणीच नव्हतं.

ती पोचली तेव्हा पोलीस पोचले होते. तेंदूपत्ता गोळा करायच्या मैदानात, ज्याला तिकडे फळी म्हणतात, जंगू उताणा पडला होता. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडात रक्ताच्या गुठळ्या, उजव्या हाताची बोटं चेंदलेली. मागं त्याचं घर जळत होतं आणि कोणी बादलीभर पाणीही टाकत नव्हतं.

दहा पावलांवर बाजेवर सोमाजी मेश्रामचं प्रेत होतं. कुऱ्हाडीचा घाव मानेवर बसला होता, आणि तो एक नव्हता. डावा हात हवेत तसाच राहिला होता. उर्वशीनं एकदाच पाहिलं आणि नजर फिरवली.

सोमाजीची बायको चंदा बाजेवरून उठली ती थेट उर्वशीच्या अंगावर आली.

"तुह्या भावानं माहा मानूस बकऱ्यावानी कापला! आता कायले आली? मोजाले आली का तुकडे?"

तिनं उर्वशीच्या थोबाडीत मारली. उर्वशीनं मार खाल्ला आणि जंगूजवळ जाऊन बसली.

झालं ते असं. सोमाजी पहाटेच पत्ता तोडायला जंगलात गेला होता. अकरा वाजून बावीस मिनिटांनी फळीवर पुडे मोजून घेणाऱ्या मुंशीचा, प्रफुलचा, फोन वाजला. चाळीसेक माणसं पानांचे पुडे लावत बसली होती. प्रफुलनं फोन कानाला लावला आणि ओरडला, "काय? कोन? जंगू? कुऱ्हाड घेऊन? सोमाजी, पळ, पळ तू!" मग सगळे नाल्याकडे धावले, प्रफुल सगळ्यांत पुढे. अर्ध्या वाटेवर जंगू भेटला, खांद्यावर सोमाजीचं प्रेत, कमरेला कुऱ्हाड, अंगभर रक्त. आदल्याच दिवशी एका झाडोऱ्यातली पानं कोणी तोडायची यावरून दोघांची फळीवर हातघाई झाली होती. आणखी काय पाहिजे होतं? जंगू काय सांगतोय ते ऐकायला कोणी थांबलं नाही, आणि पहिल्या दोन-चार फटक्यांनंतर त्याला सांगता येईना. लोकांनी प्रेत फळीवर आणलं आणि जंगूलाही मारत मारत तिथंच ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उर्वशीला सांगितलं की जबडा दोन ठिकाणी तुटलाय, जीभ फाटलीय, महिना-दीड महिना तो बोलणार नाही. बोटं गेल्यामुळे लिहिताही येणार नव्हतं. त्याच्या खाटेशी दोन शिपाई बसले होते. शुद्धीवर आला की अटक, मग कोर्ट, मग जन्मठेप. चाळीस साक्षीदार असताना वकील तरी काय करील?

जंगूनं डोळे उघडले. बहिणीकडे पाहून त्यानं मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"मले मालूम हाय रे," उर्वशी म्हणाली. मालूम तिला काहीच नव्हतं. पण तिनं त्याला लहानपणापासून वाढवलं होतं आणि तो कोंबडी कापतानाही तोंड फिरवायचा.

शिपायाला वेळ जात नव्हता, म्हणून तो पंचनामा वाचून दाखवत होता. प्रेताच्या अंगावर आणि नाल्यात मिळालेल्या वस्तू: गमछा, विळा, आगपेटी, खर्ऱ्याची पुडी, मोबाईल.

"मोबाईल कोनाले सापडला?" उर्वशीनं विचारलं.

"मुंशीले. कोरड्या नाल्यातच पडला होता, जिथं मारलं तिथं."

"आन् कानात लावाची वायर?"

"वायर-बियर काही नाई."

उर्वशी उठून उभी राहिली.

चार दिवसांपूर्वी सोमाजी तिच्या दुकानात आला होता. तिच्याकडे येणाऱ्या दहापैकी सात फोनची बिमारी एकच असते. खर्रा आणि फोन एकाच खिशात. तंबाखू-सुपारीचा चुना लागलेला भुगा फोनच्या खालच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो, आणि मग समोरचा नुसता हॅलो हॅलो करत राहतो. सोमाजीनं त्यावर घरगुती इलाज केला होता, टाचणीनं छिद्र कोरलं होतं.

"तिकडचं सारं आयकू येते बाई, माहंच तिकडं जात नाई," तो म्हणाला होता. "तीनदा फॉरेस्टवाल्या साहेबाले लावला. तीनदा त्यानं शिव्या देऊन कट केला. जंगलातली एक गोष्ट सांगाची हाय. लवकर कर."

टाचणीनं माईकच फुटला होता. स्वस्तातला फोन, माईक एकच. उर्वशीनं तो उपटून काढला, पाकिटात टाकून वर सोमाजीचं नाव लिहिलं आणि नवा नागपूरहून मागवला. तोवर बोलायला तिनं त्याला कानात लावायची वायर दिली. वायरीला स्वतःचा छोटा माईक असतो. वायर लावली तर फोन बोलेल, नाहीतर स्पीकरवर टाका की छातीवर घेऊन ओरडा, आवाज पलीकडे जाणार नाही.

मग सोमाजी बोलला कशानं?

फौजदार दीपाली गेडाम यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पण चेहरा काही हलला नाही.

"तू आरोपीची बहीण. उद्या कोर्टात म्हणतील, माईक हिनं नंतर काढला."

"फोन तुमच्यापासी सीलबंद हाय मॅडम. मी हात लावत नाई. पंचाईसमोर दुसऱ्या कारागिराकडून उघडा."

"उघडू. पण समजा माईक नाही. तरी तो वायर लावून बोलला असेल. वायर जंगलात पडली असेल. काय उत्तर आहे तुझ्याकडे?"

उर्वशीनं खुर्ची मागं सरकवली.

"आणखी एक," दीपाली म्हणाल्या. "सोमाजीच्या फोनवरून प्रफुलला खरंच कॉल गेलाय. अकरा बावीस, सत्तर सेकंद. त्या वेळी प्रफुल चाळीस लोकांत बसला होता. टॉवर म्हणशील तर पंचवीस गावांत एकच. फोन नेमका कुठून लागला ते तो सांगत नाही."

उर्वशी बेलटोल्याला गेली. दगड पडतील हे ठाऊक असूनही गेली. पहिल्यांदा डोमाकडे.

"डोमाभाऊ, सोमाजीचा फोन आला तवा तू होता?"

"बाजूलेच होतो."

"काय बोलला सोमाजी?"

"जंगू कुऱ्हाड घेऊन मांगं लागला म्हने."

"हे सोमाजी बोलला, का मुंशी बोलला?"

डोमाची विडी ओठातच राहिली. "मुंशी बोलले. सोमाजी... फोनात बोलला असन ना."

"तू आयकला त्याचा आवाज? दुसऱ्या कोनं आयकला?"

"नाई वो. फोन त् मुंशीच्या कानाले होता."

"मुंशी सकाळपासून फळीवरच होता?"

"त्या दिवसी उशिरा आला. नऊ वाजून गेले असन. आमी उन्हात ताटकळत बसलो होतो."

उरली चंदा. तिनं उर्वशीला पाहून पाट्यावरचा वरवंटा उचलला. उर्वशी दारातच खाली बसली.

"मार मले. पन दोन गोष्टी सांग आन् मंग मार. सोमाजीभाऊले फळीवर आनलं तवा किती वाजले होते?"

"बारा," चंदा म्हणाली. वरवंटा वरच होता.

"हात छातीवर जोडले तू?"

चंदाचा हात हळूहळू खाली आला. "नाई जोडता आले. डावा हात वर तसाच होता, लाकडावानी. मी लय जोर लावला. वाकेचना." ती रडू लागली. "माह्या मानसाचे हात बी मले जोडता नाई आले."

अर्ध्या तासापूर्वी मेलेल्या माणसाचं अंग लाकडासारखं होत नाही. उर्वशीनं आवाज चढू दिला नाही.

"आन् मी त्यायले एक काळी वायर देल्ली होती. कानात लावाची."

"ते? त्या वायरनंच फॉरेस्टवाल्यासंग बोलले ना दोन दिवसाआधी. गुरुवारी येतो म्हने साहेब. पन पत्ता तोडताना झुडपात अडकते म्हनून त्या दिवसी घरीच ठेवली." चंदानं भिंतीच्या खुंटीकडे बोट केलं. "टांगली हाय थे."

खून बुधवारी झाला होता.

"तिले हात लावू नको चंदाबाई," उर्वशी म्हणाली. "पोलिसाईलेच काढू दे."

दोन दिवसांनी दीपालींनी सगळ्या गावाला फळीवर बोलावलं. प्रफुल पांढऱ्या शर्टात पुढेच उभा होता, लोकांना सावलीत बसवत होता.

"तुमचा जबाब पुन्हा एकदा घेते," दीपाली म्हणाल्या. "सोमाजीचा आवाज कसा होता?"

"साफ होता मॅडम. रडत होता बिचारा. मले वाचव म्हने, जंगू आला म्हने."

"नक्की त्याचाच?"

"वीस वर्साची ओळख हाय आमची."

उर्वशी पुढे आली. "मुंशीजी, त्याचा फोन खराब होता. वायर लावल्याबिगर आवाज जातच नव्हता. वायर लावून बोलला का तो?"

आयताच आधार मिळाल्यासारखा प्रफुल घाईनं म्हणाला, "हो हो, वायरनंच बोलला. म्हने ना मले, वायर लावून बोलून राह्यलो म्हनून."

"जीव घ्यायले मानूस मांगं लागला, आन् तो तुमाले वायरीची खबर देत बसला?"

गर्दीत कोणीतरी खाकरलं. दीपालींनी पाकिटातून काळी वायर काढली.

"ही सोमाजीच्या घरात खुंटीवर होती. पंचनामा झालाय. आणि परवा पंचांसमोर फोन उघडला. माईकची जागा रिकामी आहे."

"म्हंजे आयका," उर्वशी लोकांकडे वळली. "त्या दिवसी सोमाजीच्या फोनातून एक अक्षर बाहेर निघू शकत नव्हतं. तरी यानं आयकलं. कसं आयकलं? आयकलंच नाई. सोमाजी तवा मरून तीन घंटे झाले होते, चंदाबाईले विचारा, हात वाकत नव्हता. यानं सकाळीच नाल्यात त्याले कापलं, त्याचा फोन खिशात टाकला आन् नवाच्या पुढं फळीवर आला. त्या फोनाले लॉक नव्हता. अकरा बावीसले खिशातल्या खिशात बटन दाबून स्वतःलेच फोन लावला. एक फोन खिशात, एक कानाले. आन् तुमी चाळीस जनायनं काय आयकलं? यालेच आयकलं! मंग हा सगळ्याईच्या पुढं पळाला, तुमी जंगूले मारत होते तवा एकटाच नाल्यावर गेला आन् फोन तिथं टाकून, सापडला म्हनून यानंच उचलला. जंगू रोज त्याच नाल्यानं येते, हे याले पक्कं मालूम होतं. माह्या भावानं पडलेला मानूस पाह्यला आन् खांद्यावर घेतला. त्याच्या कुऱ्हाडीले रक्त होतं का, पाह्यलं कोनं?"

"आपल्या भावासाठी खोटं बोलून राह्यली!" प्रफुल ओरडला. "मी कायले मारू त्याले?"

"वाघिणीसाठी," दीपाली म्हणाल्या. "रानडुकरांसाठी तू शेताला करंटाची तार लावलीस, त्यात वाघीण मेली. सोमाजीनं ती पुरताना पाहिलं आणि गुरुवारी तो फॉरेस्टच्या साहेबांना जागा दाखवणार होता. जागेची खूण त्यानं त्यांना फोनवरच सांगितली होती; काल आम्ही तिथं खणलं. तुझ्या घराची झडतीही झाली. पँट तू धुतलीस, पण खिसा उलटा करून धुतला नाहीस. अस्तराला रक्त आहे. तपासायला पाठवलंय."

प्रफुलनं पुड्यांच्या ढिगावरचा कोयता उचलला आणि उर्वशीवर झेपावला. घाव तिच्या दंडावर बसला, हाडापर्यंत. दुसरा बसायच्या आत एका शिपायाची काठी त्याच्या मनगटावर पडली आणि कोयता उडाला. मग गर्दी उसळली. त्याच माणसांच्या हातात तेच दांडे होते. कोणीतरी प्रफुलच्या तोंडावर लाथ घातली, त्याचे दात मातीत पडले.

"थांबा!" उर्वशी किंचाळली. दंडातून रक्त वाहत होतं. "आता याचाबी जबडा तोडता का? याले बोलू द्या! कोर्टात बोलू द्या याले!"

दीपालींनी हवेत एक गोळी झाडली तेव्हा कुठे हात थांबले. प्रफुलला गाडीत कोंबलं. मग त्यांनी वही उघडली.

"आता दुसरी केस. जंगू कुमरेला कोणी कोणी मारलं? घर कोणी जाळलं?"

चाळीस माणसं होती. सगळी जमिनीकडे पाहत होती. अकरा बावीसचा फोन ऐकल्याची साक्ष द्यायला जी एकमेकांच्या पुढे धावली होती, तीच ही माणसं.

उर्वशी जखमेवर ओढणी दाबून उभी होती. तिला वाटलं, संपलं, आता कोणी बोलणार नाही.

बायकांच्या घोळक्यातून चंदा उठली. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. ती चालत दीपालींच्या पुढ्यात आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"लिहा मॅडम. चंदा सोमाजी मेश्राम. तो माह्या मानसाले खांद्यावर घेऊन येत होता, म्हने, बाई, जरा हात लाव. पहिली काठी मी मारली. तोंडावर."