उन्हात फुटलेला बांध

“माह्या नवऱ्यानं आपल्याच मायले मारलं म्हंतात साहेब. असं कोनी करन का?”

मनकर्णा उंबऱ्यातच उभी होती. सौसरहून पहिल्या मोटारीनं ती पांढुर्ण्याला आली होती आणि आत या म्हटलं तरी आत येत नव्हती.

हेमंत कळंबे नागपूरच्या एका वकिलाकडे खटल्यांचा तपास करत असत. मागच्या वर्षी राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर नव्या हद्दीच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात गेलं, पांढुर्णा अलीकडे राहिलं आणि कळंबे आपल्या गावी परतून खाजगी चौकशीची कामं घेऊ लागले. त्यांचे शेजारी नत्थूजी मास्तर शाळेला सुट्टी असली की त्यांच्यासोबत हिंडत. आज दिवाळीची सुट्टी होती.

“बसून सांगा,” कळंबे म्हणाले.

सौसरपासून चार मैलांवर भगवंतराव ठोंबरे यांचा संत्र्याचा बगीचा होता. बगीच्यासाठी त्यांनी नाल्यावर मातीचा बांध घालून स्वतःचा तलाव केला होता. बांधाच्या खाली मनकर्णाचं घर. मंगळवारी सकाळी सातला, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, बांध फुटला. घर गेलं. घरात एकटी असलेली तिची सासू शकुबाई वाहून गेली.

“तुम्ही कुठे होता?”

“जामसांवलीले, मारुतीच्या दर्शनाले. बुढी पन येनार होती. सकाळी गुडघा धरला म्हून राह्यली. कवडू वावरात होता.”

“आणि पोलीस काय म्हणतात?”

“मालकानं पान्याची पाळी बंद केली, त्याचा राग होता म्हंतात. घरी कोनी नाही असं समजून कवडूनं बांध फोडला म्हंतात. त्याची कुदळ सापडली ना तिथं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पन कुदळ घरी नव्हतीच जी. शनवारी बगीच्यात आळे कराले गेला होता, तिथंच ठेवून आला. कोनी आयकूनच नाही राह्यलं.”

मोटारीत बसल्यावर नत्थूजी हळूच म्हणाले, “राग होता, कुदळ सापडली. अवघड दिसतं, हेमंतराव.”



बांधाच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. पलीकडे तलावाच्या जागी तडकलेला चिखल आणि मेलेल्या मासळीचा वास. ठाणेदार आधीच येऊन थांबले होते. त्यांनी छडीनं भगदाडाच्या आत दाखवलं.

“या ढासळलेल्या ढेकळावर कुदळ उभी रोवलेली होती. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे.”

कळंबे वाकून पाहत राहिले. बांधाच्या माथ्यावरून कडा सुटून ते ढेकूळ खाली घसरलं होतं. त्यावरचं गवत अजून हिरवं होतं. दोन्ही बाजूंना माथ्यावरचं गवतही सरळ उभं होतं.

बांध ज्यानं बांधला तो गजानन मिस्त्री एका टोकाला उकिडवा बसला होता. साठीचा, काटक माणूस.

“तुमचं काम कच्चं होतं म्हणायचं का, मिस्त्री?” नत्थूजींनी विचारलं.

मिस्त्री तडकन उठला. “चला, दाखवतो.”

बांधाच्या कडेला जास्तीचं पाणी निघून जायला दगडी सांडवा होता. त्याच्या तोंडात वाळूनं भरलेली पोती दोन थरांत रचलेली होती.

“हे मी नाही ठेवले. हातभर पानी जास्त चढवलं यायनं. मी सांगून थकलो. नागपूरच्या हापिसाले अर्ज पन धाडला. उत्तर आलं, तुमचा तालुका आता आमच्याकडे नाही.”

सांडव्याच्या पलीकडे, टेकाडावर राहणारी देवकाबाई शेण गोळा करत होती. बांधाच्या पायथ्याशी एक झिरा होता. बारा महिने त्यातून बोटभर पाणी पाझरे आणि ती तेच पाणी प्यायला नेत असे.

“सोमवारी काही वेगळं दिसलं का, मावशी?” कळंब्यांनी विचारलं.

“वेगळं काय? सांजच्याले पानी भराले गेली तं झिरा चहावानी लाल. म्हटलं, कोनाच्या म्हशी घुसल्या असन. घागर रिकामीच आनली आन् विहिरीवर गेली.”

“म्हशींची खुरं दिसली?”

“नाही बा. खुरं नव्हते.”

भगवंतरावांचा भाचा रवींद्र त्यांना बगीच्यात भेटला. पंचविशीचा, उत्साही आणि आता पार कोमेजलेला. तलावात बोट आणण्याची हौस त्याची. सुट्टीला सौसर, लोधीखेड्याची मंडळी डबे घेऊन येत, तो त्यांना बोटीतून फिरवी.

“मंगळवारी अकराला छिंदवाड्याहून जिल्ह्याचे नवे साहेब येणार होते,” तो म्हणाला. “मामांनी महिनाभर तयारी केली. तलाव काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पोती त्यांनीच रचायला लावली. मी सोमवारी दुपारी मिठाई आणायला नागपूरला गेलो. मंगळवारी दहाच्या गाडीनं सौसरला उतरलो, तर हे.”

“बोट कुठे आहे?”

“छपरात.”

छपरात बोट ताडपत्रीखाली होती. बूड कोरडं, रंगावर चिखलाचा डाग नाही. पाण्याच्या जुन्या काठापासून छपरापर्यंत गवतावर ओढल्याचा पट्टा आणि बैलांची खुरं दिसत होती.

“जाताना ही कुठे होती?”

“पाण्यातच. जांभळीला साखळीनं बांधलेली, कुलूप घालून. मला वाटलं, मामांनी नंतर काढून ठेवली.”

“किल्ली?”

“एक माझ्याजवळ, ती नागपूरला होती. दुसरी मामांजवळ.”

कुलूप साखळीतच लटकत होतं, उघडलेलं आणि धड.

भगवंतराव ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. अंगावर धाबळी. बोलणं मात्र दमदार होतं.

“मी रविवारपासून तापानं पडून आहो. मंगळवारी लोकांचा आरडाओरडा ऐकला तेव्हाच उठलो. त्या कवडूले मी पोरासारखं वागवलं आन् त्यानं हे केलं!”

“बोट कोणी काढली?”

“रवींद्रानं काढली असन. बोटीचं मले काय समजते?”

घरच्या बाईनं चहा आणला. भगवंतरावांनी कप दोन्ही हातांच्या बोटांनी कसाबसा उचलला. दोन्ही तळव्यांवर हळद-चुन्याचा लेप होता.

“लागलं का?” नत्थूजींनी आपुलकीनं विचारलं.

“कढईचा चटका बसला.”

“तापात कढईपाशी गेला होतात?” कळंबे म्हणाले.

भगवंतरावांनी कप खाली ठेवला. “तुमचा चहा थंड होऊन राहिला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कळंब्यांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं. ठाणेदारांनी कवडूला बेड्यांसह आणलं. मनकर्णा त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली. मिस्त्री, देवकाबाई आणि रवींद्र होते. भगवंतराव काठी टेकत आले.

“ही कुदळ कोणी आणि केव्हा रोवली, तिथून सुरुवात करू,” कळंबे म्हणाले. “ठाणेदारसाहेब, ज्या पाण्यानं घर उपटून नेलं, ते पाणी या जागेवरून गेलं. मग कुदळ कशी राहिली? आणि ज्या ढेकळात ती रोवली होती, त्यावर माथ्याचं हिरवं गवत आहे. पाणी ओसरल्यावर कडा सुटली आणि ते ढेकूळ खाली आलं. कुदळ त्याच्यानंतरची. खणणाऱ्यानं नाही, दाखवणाऱ्यानं ठेवलेली.”

ठाणेदारांनी वाकून पुन्हा पाहिलं. छडी काखेत धरली.

“मग बांध कोणी फोडला?” नत्थूजींनी विचारलं.

“कोणीच नाही. मिस्त्री, झिरा नितळ असला तर काय समजायचं?”

“काही भेव नाही. मातीचा बांध थोडा पाझरतेच.”

“आणि लाल झाला तर?”

मिस्त्रीचा चेहरा उतरला. “तं बांधाच्या पोटातली माती वाहून चालली. बीळ पडलं. पानी उतरवा नाहीतं खालचे लोक हलवा. दुसरा इलाज नाही. कोनी पाह्यला होता लाल?”

“मी,” देवकाबाई पुटपुटली. “मले नाही समजलं बा.”

“तुम्हाला समजण्याचं कारण नव्हतं, मावशी. पण तो लाल झिरा आणखी एकानं पाहिला आणि त्याला समजलं. सांडवा बंद करून चढवलेलं पाणी बांधाला पोटातून खात होतं. मंगळवारी कुदळ चालली म्हणतात, त्याच्या बारा तास आधीच बांध फुटायला लागला होता. त्या माणसानं सोमवारी संध्याकाळी बोट पाण्याबाहेर काढली. दुसऱ्या दिवशी साहेबांना जिच्यात बसवायचं, ती बोट आदल्या दिवशी छपरात कोण ठेवतो? बांध टिकणार नाही अशी भीती असलेलाच. कुलूप फोडलेलं नाही. एक किल्ली नागपुरात होती.”

रवींद्र मामाकडे वळला. “मामा?”

“कोणाला हाक मारायची सोय नव्हती,” कळंबे पुढे म्हणाले. “गडी बोलावले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून एकट्यानं बैल जुंपले आणि बोटीचा दोर स्वतः आवरला. ओली बोट उतारावर मागे घसरते, दोर मुठीतून सरकतो. कढईनं बोटं भाजतात, भगवंतराव. तुमची बोटं धड आहेत, दोन्ही तळवे सोलले आहेत. आणि कवडूची कुदळ शनिवारपासून तुमच्याच बगीच्यात होती.”

भगवंतरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. काठीवर भार देऊन ते खाली बसले.

“रातभर टिकन असं वाटलं मले,” ते म्हणाले. “पोते काढले असते तं पानी उतरलं असतं. साहेबांले चिखल दाखवला असता का? लोकांले उठवलं असतं तं तालुकाभर झालं असतं, ठोंबऱ्याचा तलाव गळते. सकाळी टिकला तं बोट परत सोडू, असं ठरवून निजलो.”

“आणि शकुबाई?” नत्थूजींनी विचारलं.

“घरी कोनी नाही असं समजलो. मंगळवार होता. जामसांवलीले जातात सगळे.”

“सोमवारच्या रात्री तर तिघंही घरीच झोपली होती,” कळंबे म्हणाले.



ठाणेदारांनी कवडूच्या बेड्या काढल्या. मनगटं चोळत तो सरळ भगवंतरावांकडे निघाला. रवींद्र आडवा यायला निघाला, ठाणेदार एक पाऊल पुढे सरले. पण कवडू दोन हातांवर थांबला. बांधाखाली घराचा चौथरा दिसत होता, शंभर पावलंही नसतील.

“मालक,” तो म्हणाला, “इथूनच एक हाक माराची होती. माय बहिरी नव्हती माही.”

मग तो मनकर्णाजवळ गेला आणि दोघं बांध उतरू लागली.