बरण्या भरायचा रविवार

"सगळ्यांनी एकदमच पिकायचं ठरवलंय का? एकटा माणूस मी. तोंड एकच आहे मला."

तक्रार इतकी कानाशी आली की ती दचकली. कुंपणाच्या आपल्या बाजूला, टोमॅटोच्या झाडांखाली ती उकिडवी बसली होती, मांडीवर टोपली घेऊन. तारेच्या कुंपणावर दोन्हीकडची झाडं अशी चढली होती की पलीकडचं काही दिसायची सोय नव्हती. तिला वाटलं, कुणीतरी घरमालकाशी भांडतंय.

"आणि तू रे? तू तर काल हिरवा होतास."

तेव्हा कुठे तिला उमगलं, की हे सगळं टोमॅटोंना उद्देशून चाललंय.

अशा वेळी शहाण्या माणसानं गुपचूप उठून घरात जावं. पण दिवसभर दुकानात शहाण्यासारखं वागून ती दमली होती.

"थोडे कच्चेच काढून घरात ठेवा," ती पानांतून म्हणाली. "सवडीनं पिकतात."

पलीकडून जरा जपून आवाज आला –

"कोण बोललं?"

"टोमॅटो," ती म्हणाली.

पानं बाजूला झाली. आधी एक हात आला, मनगटापर्यंत ग्रीसचे डाग असलेला. मग दोन डोळे. आता डोळे हा तर तिचा रोजचाच धंदा. चष्म्याच्या दुकानात सकाळपासून ती लोकांचे डोळे तपासायची, संध्याकाळपर्यंत तिला डोळ्यांचा कंटाळा यायचा. गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची, स्वतःच्या नाकावर चष्मा नसला तरी. पण हे दोन डोळे तिनं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिले... सवय, दुसरं काय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तो शेजारच्या घरातला नवा भाडेकरू. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. आधीचा भाडेकरू जाताना झाडं तशीच सोडून गेला होता, आणि मरू कसं द्यायचं म्हणून यानं पाणी घातलं. पाणी घालता घालता जीव जडला. जीव जडला तशी बडबड सुरू झाली. हे सगळं त्यानं त्या पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना. मग एक पिकलेला टोमॅटो कुंपणावरून पुढे केला. तो उन्हानं अजून कोमट होता. तिनं तो तिथेच, उभ्याउभ्या खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. तिनं पुसला नाही, कारण तो बघत होता, आणि आपण त्याला बघू देतोय हे तिलाही कळत होतं.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड होतं ते अंगणाच्या दुसऱ्या बाजूला.

त्या बाजूला कुंपणच नव्हतं. पूर्वी होतं. तिथे शेजारच्या काकू राहत होत्या, आणि काकूंच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात बाबांनी आणि काकूंनी मिळून ते काढून टाकलं होतं. आता दोन घरं एकच, मग मधे तार कशाला? दोन्ही अंगणं मिळून टोमॅटोचे लांबलचक वाफे झाले. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, वर्षभरासाठी. त्या वर्षाला दुसरं वर्ष जोडलं गेलं, मग तिसरं. फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, मग कधीतरी. गेल्या थंडीत फोन असाच कधीतरी आला, तेव्हा मागून एका बाईनं त्याला विचारलं की टॉवेल कुठे ठेवलास. नुसतं एवढंच. पण टॉवेल त्या सुरात फक्त घरच्या माणसालाच विचारतात.

तिनं कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तो गेल्याचं दुःख फार दिवस टिकलंही नाही. पण काकू? आई गेल्यावर हिच्या केसांना तेल कुणी लावलं, ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं, उन्हाळ्यातले टोमॅटो हिवाळ्यापर्यंत कसे टिकवायचे हे कुणी शिकवलं – सगळं काकूंनी. मागच्या दारानं त्या येत, आणि दार वाजवायची पद्धत दोन्ही घरांत नव्हती. लग्न मोडलं हे एकदा कुणी तोंडानं म्हटलं, की कुंपण परत घालायला लागणार. नवरा नाही झाला तर नाही झाला. काकू गेल्या तर तिचं कसं व्हायचं?

म्हणून ती गप्प. बाबा तर तिच्याकडे बघूनच गप्प. आणि काकू अजूनही बोलताना "तो आला की" असं म्हणत, फक्त म्हणताना नजर दुसरीकडे वळवत.

इकडे कुंपणाशी मात्र रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त निघायला लागलं. पानांवर अळी दिसली, दाखवायला हवी. काठी वाकली, सुतळी हवी. एकदा तर लिफ्टवाला सरळ दुकानातच आला. डोळे दुखतात म्हणाला. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली, एकेक काच घालून विचारत गेली – हे स्पष्ट की ते स्पष्ट?

"दोन्हींत सारखंच दिसतंय," तो म्हणाला.

"काय दिसतंय?"

"तुम्ही. तक्त्याच्या पुढे उभ्या आहात."

ती बाजूला झाली. मग त्यानं सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली. डोळ्यांत काही दोष नाही, असं तिनं सांगितलं.

"नक्की? कारण संध्याकाळ झाली की मला एकाच दिशेचं दिसतं."

"त्याला माझ्याकडे काच नाही," ती म्हणाली, आणि फ्रेम काढताना तिची बोटं त्याच्या कानामागे क्षणभर थांबली. बोटांना टोमॅटोच्या पाल्याचा वास होता. तो रगडून धुतला तरी दोन दिवस जात नाही. त्यानं डोळे मिटून घेतले... दुखणारे डोळे.

त्यानंतर 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पण गल्ली आहे म्हटल्यावर त्याच्या कानावर बाकीचं यायचं ते आलंच. एका संध्याकाळी त्यानं आडवळण न घेता विचारलं, तो परत येणार आहे का. काकू तसं म्हणतात, ती म्हणाली. आणि तू काय म्हणतेस, त्यानं विचारलं. ती टोपलीतले टोमॅटो उगाच खालचे वर करत राहिली. मग तिनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. टॉवेलचं, आणि काकूंचंही.

"म्हणजे तुला तो नकोय, पण त्याची आई हवीय," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"चांगली निवड आहे." आणि जरा थांबून, "मी मधे पडणार नाही. पण कुंपणाशी उभा राहीन. कुंपण माझ्या घरमालकाचं आहे, तिथे उभं राहायला भाडं भरलंय मी."

तिला हसू आलं आणि रडूही. त्यातलं एकच तिनं त्याला दाखवलं.

मग टोमॅटो खरोखरच अंगावर आले. कडक ऊन पडलं आणि दोन्हीकडचे वाफे लालभडक झाले. खाऊन संपेनात, वाटून संपेनात. गल्लीतले लोक तिला टोपली घेऊन येताना पाहिलं की दारं लावून घ्यायला लागले. बाबांनी जाहीर केलं की रविवारी बरण्या भरायच्या. आणि कुणाला न विचारता, कुंपणावरून लिफ्टवाल्याला हाक मारून सांगितलं की पिकलेले सगळे घेऊन ये, हातही घेऊन ये. ती चकित झाली. बाबा म्हणाले, त्या झाकणांना जोरकस माणूस लागतो, माझे सांधे दुखतात. बाबांचे सांधे सोयीप्रमाणे दुखायचे, हे घरात सर्वांना माहीत होतं.

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात वाफ कोंडली. बाबांनी शेगडी सांभाळली. टोमॅटो उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायचे, लगेच गार पाण्यात, की साल अंगरख्यासारखी निघून येते. साली काढायचं काम काकूंचं. त्यांच्या बोटांना बघायलाही लागत नसे. ती फोडी बरण्यांत दाबून भरायची, वर मीठ, वर लिंबाचा रस, काठ पुसून पुढे. झाकणं लिफ्टवाल्याकडे.

तिनं त्याला आधीच नीट बजावलं होतं. झाकण फक्त बोटांनी फिरवायचं, अडलं की सोडायचं. मनगट लावायचं नाही. बरणी उकळते तेव्हा आतल्या हवेला निघायला फट लागते. नंतर गार होताना झाकण आपणहून आत ओढलं जातं, टक् असा आवाज येतो, आणि मग ती बरणी वर्षभर हलत नाही. त्याला हे पटायला जरा जड गेलं. सैल काही ठेवायचं नाही, यावरच त्याचं पोट होतं. तरी त्यानं मान डोलावली, आणि पहिल्या खेपेच्या बरण्या फडक्यावर गार होत टक्... टक्... करायला लागल्या तेव्हा तो प्रत्येक आवाजाला पोरासारखा तिच्याकडे बघून हसला. काकूंनी ते हसणं पाहिलं. तिनं काकूंना पाहताना पाहिलं, आणि तिचा हात फोडी दाबता दाबता मंद झाला.

दुपारी काकूंनी निळा दोरा काढला. दर वर्षी काढत. काही बरण्यांच्या गळ्याला तो बांधायचा. त्या मुलाच्या, तो आला की त्याला. काकूंच्या कपाटात निळ्या दोऱ्याच्या बरण्या गेल्या उन्हाळ्याच्याही होत्या, त्याच्या आधीच्याही. कुणी काही म्हणत नसे. आजही कुणी म्हटलं नाही. बाबांनी आच उगाच कमी-जास्त केली. तिनं त्या बरण्या भरल्या, काठ पुसले, पुढे सरकवल्या. लिफ्टवाल्यानं निळ्या दोऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून झाकणं लावली. शेवटच्या खेपेला त्या बरण्या पातेल्यात गेल्या.

काकू साली गोळा करत होत्या. एवढ्यात पातेल्यातून बसका आवाज झाला – धप्प. मग आणखी एक.

बाबांनी शेगडी बंद केली. पातेल्यातलं पाणी लाल झालं होतं, त्यात बिया गरगरत होत्या. काकूंनी चिमट्यानं फुटक्या बरणीचा गळा वर काढला, दोऱ्यासकट. बाकीच्या निळ्या दोऱ्याच्या बरण्या शाबूत होत्या, पण झाकणं मधोमध फुगून वाकडी झालेली.

सकाळच्या सगळ्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या, एकही वाया गेली नव्हती. गेल्या त्या एवढ्याच.

"ह्यांना मनगट लावलंस?" तिनं विचारलं.

त्यानं हात पँटला पुसले. खोटं बोलायला जागा होती. काच जुनी होती म्हणता आलं असतं.

"लावलं," तो म्हणाला.

"का पण? सांगितलं होतं ना."

"त्याला उघडता येऊ नयेत म्हणून."

बाबा बंद असलेल्या शेगडीचं बटण पुन्हा बंद करायला लागले. तिचे कान तापले. आयुष्यात तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही टोमॅटोच्या सालींच्या ढिगाशेजारी, काकूंच्या देखत. आनंद छातीत वर येता येता अडला. आता काकू चिमटा ठेवतील, पदराला हात पुसतील, मागच्या दारानं जातील, आणि पुन्हा येतील त्या पुढच्या दारानं, दार वाजवून. पण तिला आता त्याच्यासाठीही गप्प बसवेना, आणि स्वतःसाठीही. तिनं ठरवलं, हे आपणच बोलायचं, अजून एक उन्हाळा नाही.

"काकू, मला तुम्हाला –"

"थांब," काकू म्हणाल्या.

त्यांनी ती काच जपून वर्तमानपत्रावर ठेवली. मग लिफ्टवाल्याकडे वळल्या. सकाळपासून त्या त्याला 'अहो' म्हणत होत्या.

"एवढी ताकद कशाला वाया घालवलीस रे," त्या म्हणाल्या. "उघडायला तो यायचाच नाही."

काकूंचा आवाज साधा होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. डोळे मात्र तसे नव्हते. पण त्यांनी ते या वेळी दुसरीकडे वळवले नाहीत. ओल्या, लाल हातानंच त्यांनी तिची हनुवटी धरली.

"मला खुळी समजू नकोस, मला सगळं कळलंय. तुझ्याही आधी. तू यायची थांबशील, म्हणून बोलले नाही." त्यांनी श्वास घेतला. "वाट मी बघीन. मी त्याची आई आहे, मला सुटका नाही. तू नको बघूस, पोरी. तू आता त्याची कुणी नाहीस... माझी आहेस."