तीन पायांचं भूत

आमच्या कॉलनीसमोरच्या सिग्नलवर भूत आहे, असं सगळी मुलं म्हणायची. मी म्हणत नसे, कारण मी सहावीत आहे आणि शाळेच्या विज्ञान मंडळाची सचिव आहे. पण शाळेच्या बसमधून उतरले, की सिग्नलपासून घरापर्यंत मी पळत सुटायची, हेही खरंच.

ते रोज चार चाळीसला घडायचं. दहा पदरी रस्त्यावरून बिनचालकाच्या गाड्या सूं सूं धावत असायच्या आणि एकदम पादचाऱ्यांचा दिवा हिरवा व्हायचा. सगळ्या गाड्या एका रेषेत थांबायच्या. खांबावरचा कर्णा टक् टक् वाजायचा आणि एक मऊ आवाज म्हणायचा, "सावकाश या. तुमच्यासाठी थांबलो आहोत."

आणि येणारं कोणीच नसायचं. ना या फुटपाथवर, ना त्या. गाड्या मात्र वीस सेकंद चिडीचूप उभ्या राहायच्या, जणू त्यांना कोणीतरी दिसतंय आणि मला दिसत नाहीये. माझ्या अंगावर काटा यायचा.

घरी आप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "शलाका, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस," आणि काठी बाजूला ठेवून, दुखरा डावा गुडघा चोळत खिडकीबाहेर बघत बसले. हल्ली ते असेच बसत. समोरच्या सोसायटीत त्यांचे दोस्त हुसेनभाई राहतात. चाळीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी कॅरम खेळले. मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि डाव बंद पडला. मी विचारलं, की आप्पा म्हणत, "त्याला यायचं असतं तर आला असता." कॅरम बोर्ड पलंगाखाली गेला आणि आप्पांचं बोलणंही कमी झालं. मला ते मुळीच आवडत नव्हतं.

त्या सोमवारी सिग्नलपाशी एक पिवळा यंत्रमानव येऊन बसला. माझ्या खांद्याइतका उंच, एकच डोळा, आणि बसायला घडीचं स्टूल. त्याला स्टूल कशाला लागतं, देव जाणे.

"मी टिपणीस," तो म्हणाला. "वाहतूक खात्याचा मोजणीदार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथून चालत ओलांडणारी माणसं मोजायची. कोणीच नसेल, तर सोमवारी मध्ये भिंत."

"भिंत? मग पलीकडे जायचं कसं?"

"गाडीने. पुढच्या पुलाखालून वळून. साडेतीन किलोमीटर."

समोर दिसणाऱ्या घरात जायला साडेतीन किलोमीटर! आप्पांच्या शब्दांत सांगायचं तर निव्वळ द्राविडी प्राणायाम. भिंत झाली, की कॅरम बोर्ड पलंगाखालून कधीच निघणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं.

गुरुवारपर्यंत टिपणीसच्या छातीवरचा आकडा शून्यच होता. आभाळ भरून आलं होतं. मी बसमधून उतरले आणि तेवढ्यात दिवा हिरवा झाला. टक् टक्. "सावकाश या. तुमच्यासाठी थांबलो आहोत." या वेळी मी पळाले नाही. टिपणीसच्या स्टुलाला धरून उभी राहिले.

"कोणासाठी थांबलात?" मी ओरडून विचारलं. "सांगा ना, कोण आहे तिथे?"

टिपणीसचा डोळा माझ्याकडे वळला. "मला ओलांडणाऱ्यांना मोजायला सांगितलंय. आलेल्यांबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्याने एक फरशी दाखवली. "ही दाबपट्टी (वजन पडलं की सिग्नलला खबर देणारी फरशी). हिच्यावर कोणी उभं राहिलं, की सिग्नल नोंद घेतो. तिची आठवण उघडतो, थांबा."

फरशी निळसर उजळली. तिच्यावर पावलं उमटली. माणूस नाही, नुसती पावलं. एक डावं, एक उजवं, आणि शेजारी एक गोल ठिपका.

"तीन पाय!" मी ओरडले.

"चार छत्तीसला आली. अडीच मिनिटं थांबली. गेली. काल तशीच. परवा तशीच."

पावलं जागच्या जागी चुळबुळत होती. डावं पाऊल फिकट होतं, म्हणजे त्यावर भार कमी. डावा गुडघा दुखणारा माणूस, आणि हातात काठी.

भीती गेली. ते आप्पा होते.

"पण अडीच मिनिटं थांबूनही दिवा हिरवा का होत नाही?"

"हिरवी लाट (एकामागून एक सिग्नल हिरवे ठेवून गाड्यांना न थांबता पुढे काढणं). लाट संपेपर्यंत चालणाऱ्याने थांबायचं. इथे ती चार मिनिटांची आहे. माणूस अर्ध्या मिनिटात कंटाळतो. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस फार तर अडीच मिनिटं उभा राहतो. तो गेल्यावर हिरवा दिवा येतो."

म्हणजे भूतबीत काही नव्हतं. हिरवा दिवाच उशिरा पोचत होता.

"आणि कंटाळलेले लोक गाडी बोलावतात," टिपणीस सांगत होता. "ती गाड्यांत मोजली जाते. गाड्या वाढल्या, म्हणून लाट लांबवतात. लाट लांबली, की आणखी लोक कंटाळतात. हे दुष्टचक्र (स्वतःलाच वाढवत नेणारी अडचण)."

मला आमच्या शाळेतला नळ आठवला. तो इतका उंच बसवला होता, की पहिलीतल्या मुलांचा हातच पोचेना. शिपाईकाकांनी आठवडाभर पाहिलं आणि सांगितलं, पहिलीच्या मुलांना तहान लागत नाही! मी ते टिपणीसला सांगितलं.

"दबलेली मागणी," तो हळूच म्हणाला. "गरज असते, पण सोय नसल्यामुळे दिसत नाही. शलाकाताई, मी चार दिवस मोजून चुकलो. आता पलीकडची पट्टी बघा."

रस्त्यापलीकडे दुसरी फरशी उजळली. तिथेही पावलं होती, एक सरळ, एक बाहेरच्या बाजूला वळलेलं. वेळ तीच, चार छत्तीस. तीही थांबली आणि माघारी गेली. मध्ये धावणाऱ्या गाड्यांमुळे दोन्ही बाजूंना एकमेकांचं काहीच दिसत नसणार.

घरी येऊन मी आप्पांना थेट विचारलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"जातो रोज," ते म्हणाले. "पाय भरून येतात, मग परत येतो. घरात काय सांगू, की मला साधा रस्ता ओलांडता येत नाही?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. "उद्या जा. एकदाच जा, आप्पा."

मोजणीत शंका आली, तर एक दिवस लाट आखूड करून पुन्हा मोजता येतं, असा टिपणीसच्या नियमांत एक नियम होता. शुक्रवारी मी विज्ञान मंडळाच्या कामाचं कारण सांगून शाळेतून लवकर निघाले. ते खोटंही नव्हतं.

चार छत्तीसला आप्पा फरशीवर येऊन उभे राहिले. दहा सेकंद. वीस. गाड्यांच्या वाऱ्याने त्यांचं धोतर फडफडत होतं. तीस सेकंदांनी दिवा हिरवा झाला आणि सगळं शांत झालं.

"सावकाश या. तुमच्यासाठी थांबलो आहोत."

आप्पांनी काठी पुढे टाकली. समोरून एक म्हातारे गृहस्थ येत होते. त्यांचं एक पाऊल बाहेर वळत होतं आणि हातात कॅरमवर टाकायच्या बोरिक पावडरचा डबा होता. रस्त्याच्या बरोबर मध्ये दोघं थांबले.

"मला वाटलं, तू रुसलास," हुसेनभाई म्हणाले.

"मी? अरे, मला वाटलं तू!"

वीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते. टिपणीसने दिवा हिरवाच धरून ठेवला. त्याच्या छातीवर आकडा उमटला, दोन. मग शाळेची मुलं आली, एक भाजीवाली, सायकलवरून उतरलेली एक ताई. अंधार पडेपर्यंत आकडा त्र्याण्णव झाला होता.

भिंत झाली नाही, आणि लाटही कायमची आखूड झाली. आता तिथे थांबणाऱ्यांसाठी बाक आहे, आणि लवकरच सायकलींसाठी वेगळी पट्टी होणार आहे. टिपणीस पुढच्या चौकात गेलाय. आता तो आधी फरशांना विचारतो.

परवा मी त्याला भेटायला गेले होते. बोलता बोलता तिथला दिवा अचानक हिरवा झाला. गाड्या थांबल्या, कर्णा टक् टक् वाजू लागला, आणि रस्त्यावर कोणीही नव्हतं.

मी पळाले नाही. खाली वाकले आणि पावलं शोधू लागले.