भिंतीवरचे दिवे कुठे गेले?

कऱ्हाडच्या मुलांच्या दवाखान्याची पुढची भिंत म्हणजे अख्ख्या गावाचा टीव्हीच. तातडीच्या विभागात (जिथे नंबर न लावता लगेच बघतात) एक पोर आत गेलं की भिंतीवर एक दिवा लागायचा. सर्दी, खोकला, दम असेल तर निळा. पडणं, मोडणं, भाजणं असेल तर लाल. बाकी सगळ्याला पांढरा. एरवी भिंत अशी लखलखायची, की रस्त्यावरनं जाणारा मान वर करूनच जायचा.

आणि आज गौतमी बघते तर भिंत काळी. दोन-चार ठिपके सोडले तर ठार काळी.

तिचं डोकंच फिरलं. गावात नवा ताप आलाय. शाळा बंद, मैदान बंद, माणसामाणसात चार हात अंतर. साथ आली म्हणजे दवाखाना भरायला पाहिजे ना? हा रिकामा कसा?

समोरच्या गाडीवरचे तात्या मात्र खुशीत होते. भिंत जितकी काळी, तितका तात्यांचा हात सैल, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी लांब दांडीच्या पळीतनं गूळ-फुटाणे पुढे केले.

"घे गं गौते, फुकट! गावात एक पोर आजारी नाही."

"आमचा धाकटा इंद्या सकाळपासनं पोट धरून बसलाय. तो काय गावाबाहेर राहतो?"

"अगं, पोटदुखी म्हणजे काय आजार आहे होय?"

गौतमीने मूठभर फुटाणे तोंडात कोंबले, उरलेले पुडीत घेतले. आईने तिला इंद्यासाठी ओव्याचा अर्क आणायला पाठवलं होतं. पण कोडं सुटल्याशिवाय तिचे पाय हलेनात. ती सरळ दवाखान्याच्या दाराशी गेली. तिथे तिपाई उभी होती.

तिपाई म्हणजे दारावरची यंत्रबाई. तीन पायांची, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आलेल्या पोराला तपासून आत पाठवायचं आणि भिंतीवरचा दिवा लावायचा, हे तिचं काम.

"तुझी भिंत बिघडलीय," गौतमी म्हणाली.

"भिंत ठणठणीत आहे. पोरंच आली नाहीत. आणि आधी गिळ. फुटाणे खात भांडलीस की निम्मं भांडण मला कळत नाही."

गौतमीने गिळलं. "साथीत पोरं कमी कशी? सांग."

"सांगत नाही. दाखवते. तुझे आजोबा शाळेत होते तेव्हा जगभर एक मोठी साथ आली होती. तेव्हा हा दवाखाना नव्हता, पण पुष्कळ देशांतल्या दवाखान्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. त्यांचं एकत्र चित्र बघ."

भिंतीवर दुपारची सावली होती. एका क्षणात त्या सावलीत हजारो दिवे पेटले. निळे, लाल, पांढरे. चांदण्यांनी गच्च भरलेलं आभाळ कुणी उचलून भिंतीला टेकवावं तसं. गौतमीचा हात पुडीतच राहिला.

"हे साथीच्या आधीचं. आता लोक घरी बसले."

आणि निळे दिवे विझायला लागले. एक विझला, त्याच्या बाजूचे दोन गेले, मग पन्नास, मग झुंडीच्या झुंडी. निम्मी भिंत बघता बघता रिकामी झाली.

"कुणी विझवले?"

"कुणी नाही. लागलेच नाहीत. बघ, विषाणूला (अंगात शिरून वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा रोगाचा कण) पाय नसतात. तो एका पोराच्या खोकल्यातनं दुसऱ्याकडे जातो, तिथनं तिसऱ्याकडे. ही साखळी. लोक लांब राहिले ते नव्या आजारासाठी. पण जुने खोकले, सर्दी यांचीही वाट त्याच अंतराने बंद झाली. कडी तुटली की पुढची सगळी साखळी गेली."

गौतमी म्हणाली, "म्हणजे मी आता खेळायला जात नाही..."

"म्हणून नदीपलीकडच्या ओगलेवाडीतल्या कुठल्या तरी तान्ह्या बाळाला आज धाप लागलेली नाही. तुला ते बाळ माहीत नाही. त्याला तू माहीत नाहीस."

तीन आठवडे ती घरात बसून चिडचिडत होती, दारं आपटत होती. आणि तिच्या त्या घरात बसण्याचा एक धागा नदीपलीकडे कुणाच्या पाळण्यापर्यंत गेला होता!

"लाल दिव्यांचं बघ," तिपाई म्हणाली. "मैदानातले, रस्त्यावरचे विझले. घरातले राहिले. उकळता चहा, गिळलेलं नाणं. पोर घरात कोंडलं तरी उचापती कोंडता येत नाहीत."

पण गौतमीची नजर दुसरीकडेच खिळली होती. "थांब. पांढरे का गेले? ते काय कुणाच्या खोकल्यातनं येतात?"

"सगळे गेले नाहीत. काही गेले."

"काही तरी का जावेत? पोटाचं दुखणं, साखरेचा आजार. त्यांना साखळी कुठाय?"

"बरोबर पकडलंस. ते विझायला नको होते. ती पोरं आजारी होती, पण घरात होती. इथे आता तापाच्या पोरांचं दार वेगळं आहे. पण तेव्हा आईबापांना वाटलं, दवाखान्यात नेलं तर तिथनं साथच घेऊन येऊ. मग काही जण उशिरा आले."

काळ्या भिंतीवर थोडे पांढरे दिवे लागले. मोठाले, थरथरणारे.

"एवढे मोठे का?"

"उशीर झाला की आजार मोठा होतो. म्हणून नुसता अंधार बघून खूश व्हायचं नाही. एक अंधार म्हणजे पोर आजारीच पडलं नाही. दुसरा अंधार म्हणजे पोर आजारी आहे आणि घरातच आहे. लांबनं दोन्ही सारखेच दिसतात."

"यातलं पोटाचं दुखणं कुठलं?"

"अपेंडिक्स. मोठ्या आतड्याला लोंबणारी करंगळीएवढी पिशवी. ती सुजते. बऱ्याचदा आधी बेंबीपाशी दुखतं, मग दुखणं सरकून उजवीकडे खाली जातं. पोर खात नाही, वाकून चालतं. पिशवी फुटली तर..."

पुढचं ऐकायला गौतमी तिथे नव्हतीच.

सकाळी आईने इंद्याच्या बेंबीभोवती हिंग चोळला होता. आणि मघाशी इंद्या म्हणाला होता, "आई, बेंबीपाशी नाही दुखत आता. इकडे खाली दुखतंय." आई किती खूश झाली होती! "बघ, हिंगाने दुखणं हटवलं की नाही!"

घरात शिरल्या शिरल्या ती ओरडली, "आई, इंद्याला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता!"

"वेडी का काय? तिकडे ताप आहे. एका दुखण्यापायी दुसरं आणू? आणि हिंगाने उतार पडलाय त्याला."

"उतार नाही! ते पोटात दुसरीकडे गेलंय, तसंच जातं ते! आणि दवाखाना रिकामा आहे, आई. तापाच्या पोरांचं दार पण वेगळं आहे. इंद्या, ऊठ. सरळ चालून दाखव."

इंद्या उठला. उजवीकडे हात दाबून, कमरेत वाकून दोन पावलं चालला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडाला फडकं बांधलं आणि त्याला उचललं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "फुटायच्या बेतात होतं. वेळेत आणलंत. चार दिवसांत उड्या मारेल, मारू देऊ नका."

आई बाकावर बसली होती. "मला वाटलं, बरं वाटतंय त्याला," ती म्हणाली. गौतमीच्या ओठांवर दहा उत्तरं आली. तिने एकही दिलं नाही. नुसती आईला खेटून बसली.

इंद्याला झोप लागल्यावर ती दाराशी गेली. तिपाई कुणाशी तरी बोलत होती आणि पलीकडनं फोन आपटल्याचा आवाज आला.

"काय करतेस?"

"मी अंदाज काढलाय. एरवी या दिवसांत किती पोरं येतात ते माहीत आहे. त्यातनं साखळीने येणारी वजा केली. तरी काही कमी पडतात. म्हणजे ती कुठल्या तरी घरात असणार. म्हणून घरोघरी फोन लावतेय. पण यंत्राचा आवाज आला की लोक फोनच ठेवतात."

"साथ गेली की हे फोन बंद?"

"तेव्हा वेगळं काम. लोक पुन्हा जवळ आले की निळे दिवे एकदम वाढतील. मधल्या काळात जन्मलेल्या बाळांची त्या विषाणूंशी ओळखच झालेली नसेल ना. आजोबांच्या वेळी पुष्कळ ठिकाणी तसं झालं. आम्हाला ते माहीत आहे, म्हणून खाटा आणि ऑक्सिजन आत्तापासनं जमवतोय."

काळ्या भिंतीत पुढचे महिनेसुद्धा वाचता येतात! गौतमी मान वर करून बघतच राहिली. मग तिने हात पुढे केला.

"दे तो फोन."

पहिल्या घराने उचललाच नाही. दुसरे म्हणाले, आमची दोन्ही ठणठणीत आहेत, नुसती एकमेकांना मारतायत. तिसऱ्या घरातनं एका बाईचा दबका आवाज आला.

"पोरगं सारखं पाणी मागतंय गं. वाळलंय पार. रात्री अंथरूणही ओलं करतंय, एवढा मोठा घोडा. पण बाहेर ताप आहे म्हणून..."

गौतमीने तिपाईकडे बघितलं. तिपाई हळूच म्हणाली, "साखरेचा आजार असू शकतो. थांबायचं नाही."

"काकू," गौतमी म्हणाली, "आणा त्याला. मी दारातच उभी आहे."