सोफ्याचा उजवा हात

ज्यांना खोटं वाटेल त्यांना वाटू दे. हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय, आणि त्यातलं काही मी स्वतः पाहिलंय.

ब्रिस्टल. २००६ चा हिवाळा.

जयंतदादा तिथे विमानांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तो आणि मंजिरीवहिनी एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खालच्या फ्लॅटमध्ये हेनिंग नावाचे डॅनिश गृहस्थ होते. ऐंशी ओलांडलेले, एकटे. तरुणपणी कोपनहेगनला फर्निचर डिझाइन करायचे. वहिनी त्यांना आजोबाच म्हणायची. अधूनमधून वरणभात नेऊन द्यायची.

त्यांच्या लाउंजमध्ये एक सागवानी सोफा होता. पन्नासच्या दशकात त्यांनी स्वतः डिझाइन केलेला. बारीक पाय, आणि दोन्ही बाजूंचे हात इतके गुळगुळीत की बसलेला माणूस नकळत त्यांना कुरवाळायला लागायचा.

ऑक्टोबरमध्ये आजोबा पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता केअर होममध्येच जावं लागणार होतं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी दादाला फ्लॅटची किल्ली दिली. सोफा तुम्हाला ठेवा, म्हणाले. फक्त एक विनंती केली.

"मी येईपर्यंत थांब. तो पूर्ण सुटा होतो. पण मला तो माझ्या हाताने खोलायचाय."

दादा हो म्हणाला.

पण शनिवारी वहिनीचे आईबाबा नागपूरहून येणार होते, आणि यांचा जुना सोफा नगरपालिकेची गाडी घेऊन गेली होती. शुक्रवारी दादा आणि त्याचा मित्र प्रणव आजोबांचा सोफा वर न्यायला लागले.

जिन्याच्या वळणावर तो अडकला. पुढे जाईना, मागे येईना. दादाने स्क्रू शोधले. एकही दिसेना. वहिनी म्हणत होती, राहू दे, आपण खाली गाद्या घालू.

दादाने करवत आणली.

सोफ्याचा उजवा हात कापला.

वर नेल्यावर तो परत जोडला, खालून लोखंडी पट्टी मारली, वरून शाल टाकली. कळतही नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये आजोबांना केअर होममधली बाई फ्लॅट बघायला घेऊन आली. ते काठी टेकत वर आले. सोफ्यावर बसले. सवयीने हात फिरवला...

शालीवर बोटं थांबली.

मग त्यांनी चहा संपवला. दोघांना थँक यू म्हणाले आणि गेले.

दादा रोज ठरवायचा, जाऊन माफी मागू. रोज काहीतरी निघायचं. आणि मग आजोबा गेल्याचाच फोन आला.

त्यानंतर आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र...

लाकडावर सँडपेपर घासल्यासारखा. दुपारी चारला अंधारून यायला लागलं की. लाउंजचं दार उघडलं की बंद.

आत कुणी नसायचं. कार्पेटवर मात्र, सोफ्याच्या उजव्या हाताखाली... तांबूस भुसा.

वहिनी व्हॅक्युम क्लीनर फिरवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचे आईबाबा मुक्काम अर्धा टाकून नागपूरला परत गेले. कारण विचारलं तर थंडी म्हणाले.

ख्रिसमसच्या सुट्टीत मी लंडनमधल्या क्रॉयडनहून त्यांच्याकडे गेले. दादा ओळखू येत नव्हता, इतका वाळला होता. आम्ही तिघं किचनमध्ये बसलो होतो.

खर्र... खर्र...

त्या दिवशी तो थांबेचना. मग वेगळाच आवाज आला.

टक्.

लाकडावर काहीतरी धातूचं ठेवल्यासारखा.

टक्... टक्...

आम्ही दार उघडलं.

शाल नीट घडी करून ठेवलेली. कॉफी टेबलावर ती लोखंडी पट्टी. शेजारी तिचे सगळे स्क्रू, एका रांगेत.

आणि सोफ्याचा हात जागच्या जागी.

दादाने दोन्ही हातांनी तो ओढून पाहिला. हलला नाही. कापल्याची रेघ दिसत होती. डिंक नाही, खिळा नाही. खोलीभर ताज्या तेलाचा वास.

वहिनी रडायला लागली. "त्यांनी माफ केलं रे तुला."

दादाने नाही अशी मान हलवली. त्याचा हात अजून त्या लाकडावरच होता.

"हे गरम आहे," तो म्हणाला.

मीही हात लावला.

गरम होतं.

त्या संध्याकाळी दादा सोफ्यासमोर जमिनीवर बसून माफी मागत राहिला. आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. मला वाटलं, संपलं आता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा सुरू झालं...

पुढे दादा-वहिनींनी स्वतःचं घर घेतलं. सोफाही सोबत नेला. त्यावर कुणीच बसत नाही. देऊन का टाकत नाहीस, असं मी एकदा दादाला विचारलं.

"ती रेघ दिसते ना, आजोबांचं काम संपलं नाहीये अजून."

"आणि संपल्यावर?"



आज वहिनीचा फोन आला. आवाज बंद झालाय, ती रेघही दिसत नाही, म्हणाली. मला हायसं वाटलं. पण ती हे कुजबुजत का सांगतेय, ते कळेना.

दादा कुठाय, मी विचारलं.

"सोफ्यावर बसलाय," ती म्हणाली. "कालपासून... उठतच नाहीये."

उद्या सकाळच्या ट्रेनने मी ब्रिस्टलला निघतेय.