बॉनेटखालचा मासा

बांग चोंगमानच्या लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न रविवारचं. चोंगमान बुधवारी मुखो बंदरातून माकूल मासळी धरायला बोटीवर गेला, तो शनिवारी परतायचा होता. जाताना धाकट्या भावाला म्हणाला, "इक्सू, गाडी फार थरथरते रे. तेवढं बघ. मासा मात्र सोडू नकोस."

मासा म्हणजे बॉनेटखाली पांढऱ्या सुतानं बांधलेला सुका मासा. गाडी घेतली त्या दिवशी चाकांवर दारू ओतून चोंगमाननं तो राखण म्हणून स्वतःच्या हातानं बांधला होता. इतक्या वर्षांच्या धगीनं त्याचं लाकूड झालं होतं.

शुक्रवारी दुपारी इक्सूनं गॅरेजात बॉनेट उघडलं. इंजिनाच्या माउंटिंगचा, थरथर झेलणारा रबरी बुश चिरून गेला होता. त्यानं इंजिन जॅकवर तोललं. पण माशाचं सूत नेमकं माउंटिंगच्या बोल्टावरून गुंडाळलेलं. पाना बसेना.

मालसुनवहिनी चहा घेऊन आली. "अडलं कुठं?"

"दादा म्हणालाय, सोडू नकोस."

"मग सोडू नका, कापा. नवं बांधू. नाहीतर लग्नाला गाडीतून मी थरथरत उतरेन अन् लोक म्हणतील, नवरीपेक्षा आईच घाबरलीय."

इक्सू हसला. त्यानं सूत कापलं. मासा हातात आला.

ओला होता.

तेल असेल, असं वाटून त्यानं बोटं हुंगली. खारं पाणी. मासा पालथ्या खोक्यावर ठेवून तो कामाला लागला. जुना बुश ठोकून काढला, नवा बसवला, बोल्ट आवळला, जॅक उतरवला. वळून पाहिलं तर खोक्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. मासा फुगला होता. सुरकुतलेली कातडी ताणली होती, पोट चकाकत होतं.

"वहिनी, पाणी ओतलंत?"

"मी कशाला ओतू?" तिनं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बांधा तो. आधी परत बांधा."

तो आता जुन्या जागी मावेना. सूत निसटू लागलं. इक्सूनं दोन्ही हातांनी मासा दाबून धरला, वहिनीनं गाठी मारल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समुद्र परातीसारखा सपाट.

वहिनीनं नवऱ्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"इंजिन चालू करा, भावोजी. सुकवा त्याला."

इक्सूनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. कसलीच थरथर नव्हती. मडगार्डवरच्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता.

त्या स्थिर इंजिनावर माशाचा कल्ला उघडला.

मिटला.

पुन्हा उघडला, आणि तसाच राहिला.

बोटीवरचे लोक म्हणाले, चोंगमान कठडा धरून उभा होता, मग नव्हता. रविवारी देह जाळ्यात आला. धक्क्यावर चौघे उचलायला वाकले, पण तो इतका हलका होता की एकट्या इक्सूनंच उचलला. पाण्यातून काढूनही कोरडा ठाक होता, लाकडासारखा.

बांग चोंगमान लेकीच्या लग्नाआधीच्या शुक्रवारी, दुपारी वारला.